दाद आणि फिर्याद

१

मराठीतील न्यायव्यवहाराच्या शब्दसंपत्तीचा मोठा भाग फारसीतून आलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. फिर्याद, जबानी, दाद, अब्रू, जबरदस्ती हे शब्द आता इतके घरचे झाले आहेत की त्यांचे परकेपण कोणालाही जाणवत नाही. परंतु एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्द आपला सगळा अर्थ बरोबर नेतोच असे नाही. फारसीत 'फर्याद' म्हणजे किंकाळी, मदतीसाठी मारलेली हाक. मराठीत 'फिर्याद' म्हणजे अधिकाऱ्यासमोर रीतसर नोंदवलेली तक्रार. फारसीत 'जबान' म्हणजे जीभ आणि भाषाही. मराठीतील 'जबानी' म्हणजे एकाने सांगितलेले व दुसऱ्याने कागदावर उतरवून घेतलेले निवेदन. 'गरीब' म्हणजे फारसीत परका, आपला मुलूख सोडून आलेला. त्याच धातूपासून आलेला 'गुर्बत' हा शब्द परमुलखातील एकाकीपणासाठी वापरला जातो. मराठीत मात्र गरीब म्हणजे निर्धन.

किंकाळीपासून तक्रारीपर्यंतचा हा प्रवास शब्दांनी काही शतकांत केला. इराण सोडून लॉस एंजेलिस, टोरांटो, स्टॉकहोम किंवा मेलबर्न येथे गेलेल्या आणि तेथे नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला तो काही तासांत, बहुधा परक्या भाषेत, करावा लागतो. तिची किंकाळी तक्रार बनते तेव्हा तिच्यातून काय गळते आणि तिला काय चिकटते, हा येथील प्रश्न आहे. वरवर तो समाजशास्त्राचा किंवा कायद्याचा वाटेल. परंतु एखादे निवेदन कोणी, कोणत्या अपेक्षेने आणि कोणत्या साच्यात घालून वाचायचे हा अर्थनिर्णयनाचाही प्रश्न आहे, आणि अर्थनिर्णयनाची नीती समीक्षेला टाळता येत नाही. अधिक नेमकेपणाने तो असा मांडता येईल: आपल्या देशाची आणि समाजाची नाचक्की होऊ नये म्हणून गप्प राहण्याचे नैतिक बंधन मार खाणाऱ्या स्त्रीवर असते काय? आणि नसेल, तर तिच्या बोलण्यातून होणाऱ्या नाचक्कीची जबाबदारी कोणाची?

२

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत उद्भवतो हे पाहिले पाहिजे. इराणमधून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले ते १९७९ च्या क्रांतीनंतर. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला गेला आणि ४४४ दिवस तेथील लोक ओलीस राहिले. त्या काळात अमेरिकेतील इराणी माणूस परका तर होताच, तो संशयितही ठरला. 'इराणी' हा शब्द टाळून स्वतःला 'पर्शियन' म्हणवून घेण्याची सवय अनेकांना लागली ती याच वातावरणात. पुढे २०१७ च्या प्रवासबंदीच्या आदेशात इराणचे नाव होते. २०२१ मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला आणि २०२५ च्या नव्या बंदीत ते नाव पुन्हा आले. अशा समाजात घरातील हिंसेविषयी बाहेर बोलणे म्हणजे आधीच आरोपी ठरलेल्या लोकांविरुद्ध आणखी एक पुरावा दाखल करणे होय, अशी भावना निर्माण झाली तर त्यात नवल नाही.

तिच्यावरील पहिले बंधन यजमान देशाच्या कायद्याचे. विवाहाच्या आधारे आलेल्या स्त्रीचा तेथील वास्तव्याचा हक्क नवऱ्याच्या हाती असतो. अमेरिकेत १९८६ च्या दुरुस्तीने अशा वास्तव्यावर दोन वर्षांची अट घातली आणि त्या मुदतीच्या शेवटी पतिपत्नींनी मिळून अर्ज करणे आवश्यक केले. ज्याच्यापासून पळायचे त्याचीच सही आणायची, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. १९९० मध्ये मारहाण झालेल्या जोडीदाराला या संयुक्त अर्जातून सूट मिळाली. अमेरिकी नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या पीडित पत्नीला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची वाट १९९४ च्या कायद्याने मोकळी केली. कॅनडाने अशीच दोन वर्षांची अट २०१२ मध्ये नव्याने घातली आणि २०१७ मध्ये ती रद्द केली. या तारखा एवढ्यासाठी महत्त्वाच्या की नवऱ्याच्या हातातील सत्तेचा एक भाग नव्या देशाने त्याला दिलेला होता, हे त्यांतून दिसते.

दुसरे बंधन मागे सोडलेल्या देशाच्या कायद्याचे. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी पासपोर्ट मिळवलेली स्त्रीही तेथे उतरताच इराणी पत्नी असते. इराणच्या नागरी संहितेचे ११०५ वे कलम कुटुंबप्रमुखपद केवळ पतीला देते. १९७३ च्या पासपोर्टविषयक कायद्यानुसार विवाहित स्त्रीच्या पासपोर्टसाठी पतीची लेखी संमती लागते. पतीसह परदेशी राहणाऱ्या स्त्रीला या अटीत सूट असली तरी पतीला तिचे देशाबाहेर जाणे अडवता येते. परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट तेथे आपोआप ग्राह्य धरला जात नाही. टोरांटोत मोकळी झालेली स्त्री तेहरानमध्ये विवाहितच राहू शकते, आणि आजारी आईला भेटायला गेलेल्या मुलीला परतीची वाट बंद झालेली आढळू शकते. मुलांचा ताबा काही वयापर्यंत आईकडे असला तरी पालकत्व पित्याचे आणि पितामहाचे असते.

तिसरे बंधन कोणत्याही संहितेत लिहिलेले नाही. फारसीत त्याला 'आबरू' म्हणतात. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. मराठीतील अब्रू ती हीच, आणि 'आब राखणे' या प्रयोगात तिचे मूळ अजून दिसते. मुलीने पांढऱ्या पोशाखात नवऱ्याच्या घरी जावे आणि पांढऱ्या कफनातच बाहेर यावे, असे सांगणारी म्हण इराणमध्ये सर्वांना ठाऊक आहे. 'सूख्तन ओ साख्तन', म्हणजे जळत राहणे आणि निभावून नेणे, ही जोडीही तेथे सहज तोंडात येते. झाकली मूठ सव्वा लाखाची मानणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गुर्बतीत मात्र ही मूठ अधिकच घट्ट आवळली जाते. कारण तेथे ती उघडली तर पाहणारे शेजारी परके असतात.

३

अशी स्त्री बोलते तेव्हा ऐकणाऱ्याजवळ दोन साचे तयार असतात.

पहिल्या साच्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बेटी महमूदी यांचे 'नॉट विदाउट माय डॉटर' हे १९८७ मधील पुस्तक आणि त्यावर १९९१ मध्ये निघालेला चित्रपट. इराणी डॉक्टरशी विवाह केलेली अमेरिकी स्त्री १९८४ मध्ये तेहरानला जाते, तेथे नवरा तिला अडकवून ठेवतो, मारहाण करतो, आणि अखेर ती मुलीला घेऊन सीमा ओलांडून निसटते, असे हे निवेदन आहे. नवऱ्याने हे आरोप नाकारले. २००२ मधील एका माहितीपटात त्याची बाजूही मांडली गेली. येथे त्या दोघांतील वादाचा निवाडा करण्याचे कारण नाही, आणि लेखिकेच्या भीतीविषयी शंका घेण्याचे तर नाहीच. प्रश्न आहे तो त्या निवेदनाच्या रचनेचा. त्यात नवऱ्याची क्रूरता आणि त्याचा देश यांत अंतरच उरत नाही. तो अमेरिकेत असतो तोवर सभ्य असतो आणि इराणच्या मातीवर पाय ठेवताच त्याच्यातील 'खरा' इराणी प्रकट होतो. अशा रचनेत इराणी स्त्रीला जागा उरते ती बुरख्याआडच्या पार्श्वभूमीची. लॉस एंजेलिसमध्ये मार खाणारी इराणी स्त्री या कथेची नायिका होऊ शकत नाही. कारण तिचे घर अमेरिकेतच असते आणि तिच्या दाराबाहेर सुटकेची सीमा नसते.

दुसरा साचा सहानुभूतीचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा. ब्रुकलिनमधील एका खटल्यात पत्नीची हत्या करणाऱ्या चिनी स्थलांतरिताला १९८९ मध्ये केवळ पाच वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. पत्नीच्या व्यभिचाराने पुरुषाला होणाऱ्या मानहानीविषयी मानववंशशास्त्रज्ञाने दिलेली साक्ष त्यात निर्णायक ठरली. खटला इराणी नव्हता. पण त्यामागील तर्क कोणत्याही स्थलांतरित स्त्रीच्या वाट्याला येऊ शकतो. संस्कृतीचा आदर करण्याच्या नावाखाली येथे पुरुषाच्या कृतीचे कर्तेपण संस्कृतीकडे सोपवले गेले. मारली गेलेली स्त्रीही त्याच संस्कृतीतील होती, आणि त्या संस्कृतीत तिला जगायचे होते, याची दखल घेण्याचे कोणाला सुचले नाही.

हे दोन साचे परस्परविरोधी भासतात. पहिला म्हणतो, ती संस्कृती रानटी आहे, म्हणून त्याने मारले. दुसरा म्हणतो, ती संस्कृती वेगळी आहे, म्हणून त्याने मारले. दोहोंत 'म्हणून' समान आहे. दोहोंत मारणारा माणूस नाहीसा होतो. उमा नारायण यांनी १९९७ मध्ये याच दोषावर बोट ठेवले होते: अमेरिकेतील नवऱ्याने बायकोला गोळी घातली तर तो एका पुरुषाचा गुन्हा ठरतो, आणि भारतातील नवऱ्याने तिला जाळले तर तो एका संस्कृतीचा. तपकिरी स्त्रियांना तपकिरी पुरुषांपासून वाचवण्याच्या गोऱ्या पुरुषांच्या भूमिकेत स्त्रीचा स्वतःचा आवाज कसा हरवतो, हे गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये सतीच्या संदर्भात दाखवले होते. इराणी स्थलांतरित स्त्रीच्या बाबतीत या दोन्ही निरीक्षणांची सांगड घालावी लागते. तिचा आवाज वाचवणाऱ्यांच्या गलक्यात हरवतो आणि संस्कृतीचा मान राखणाऱ्यांच्या शिष्ट मौनातही हरवतो.

४

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. संस्कृतीला दोष देऊ नये असे म्हणणे म्हणजे उघड अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय? वर उल्लेखिलेली कलमे काल्पनिक नाहीत. सूझन मोलर ओकिन यांनी १९९७ मध्ये बहुसंस्कृतिवादाला विचारलेला प्रश्न, म्हणजे गटाच्या हक्कांचे रक्षण करताना त्या गटातील स्त्रियांचे काय होते, हा टाळता येण्याजोगा नाही.

याचे उत्तर कायदा आणि संस्कृती यांतील भेद नीट पाळण्यात आहे. कायद्याला कर्ते असतात आणि तारखा असतात. इराणमध्ये १९६७ च्या कुटुंबसंरक्षण कायद्याने पुरुषाचा एकतर्फी घटस्फोटाचा अधिकार न्यायालयाच्या कक्षेत आणला. १९७५ मध्ये तो कायदा अधिक विस्तृत झाला. फेब्रुवारी १९७९ मध्ये, क्रांतीनंतर काही दिवसांतच, तो स्थगित करण्यात आला. २००२ मध्ये संहितेच्या ११३० व्या कलमाला जोडलेल्या टिपेत पत्नीला घटस्फोट मागता येईल अशा असह्य स्थितींमध्ये मारहाणीचा समावेश झाला. पण ती मारहाण वा गैरवर्तन सातत्याचे असावे आणि पत्नीची स्थिती पाहता रूढीने असह्य ठरणारे असावे, अशी त्याला मर्यादा आहे. म्हणजे सह्य मारहाण अशी एक कोटी कायद्याला अप्रत्यक्षपणे मान्य आहे, आणि सह्य कोठे संपते ते ठरवण्याचे काम रूढीकडे आहे. एकच समाज बारा वर्षांच्या अवधीत एक हक्क देतो आणि काढून घेतो, तेव्हा त्याचे कारण त्या समाजाच्या सनातन स्वभावात शोधणे व्यर्थ असते. ते निर्णय घेणाऱ्या माणसांत शोधावे लागते. कायद्यावर टीका करणे म्हणून शक्य आहे आणि आवश्यकही आहे. इराणमधील स्त्रिया ती दशकानुदशके करीत आल्या आहेत आणि २०२२ मध्ये महसा अमिनी हिच्या मृत्यूनंतर ती रस्त्यावर उतरली, हे जगाने पाहिले.

आणखी एक स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. मायदेशी डॉक्टर, अभियंता किंवा अधिकारी असलेला पुरुष परदेशात टॅक्सी चालवतो, त्याची पदवी मानली जात नाही, बायकोला मात्र नोकरी लवकर मिळते. या अपमानातून हिंसा जन्मते, असे ते स्पष्टीकरण. त्यात तथ्य आहे. परंतु स्पष्टीकरण आणि क्षमा यांतील सीमारेषा येथे काळजीपूर्वक पाहिली पाहिजे. अपमान करणारा मालक, पदवी नाकारणारी संस्था, संशयाने पाहणारा विमानतळावरील अधिकारी, यांच्यावर त्या पुरुषाचा हात उठत नाही. अनावर म्हटलेला राग कोणापुढे आवरायचा हे अचूक जाणतो. जो राग माणूस पाहून उठतो त्याला अगतिकता म्हणता येत नाही. तेथे निवड असते, आणि जेथे निवड असते तेथे जबाबदारी असते. अपमान त्या पुरुषाचे दुःख समजावून देईल. पत्नीनेच ते अंगावर झेलावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गप्प राहण्याचे बंधन तिच्यावर असते काय?

मौनाच्या बाजूचा युक्तिवाद केवळ पुरुषी स्वार्थाचा असतो असे समजणे चूक आहे. वंशद्वेषाला तोंड देणाऱ्या समाजात ऐक्य ही खरी गरज असते. एका बातमीने शंभर निरपराध घरांवर संशय येऊ शकतो. आणि पोलिसांना बोलावल्यावर ते नवऱ्याबरोबर काय करतील याची भीतीही निराधार नसते. आपल्या मुलांच्या बापाला देशाबाहेर घालवले जाऊ नये असे वाटणारी स्त्री भित्री असते, असे म्हणता येणार नाही. तरीही या युक्तिवादात एक दोष आहे. समाजाच्या प्रतिष्ठेची किंमत तो एकाच व्यक्तीकडून वसूल करतो, आणि तीही अशा व्यक्तीकडून की जिने ती प्रतिष्ठा घालवणारे कोणतेही कृत्य केलेले नाही. अब्रू जाते ती मारण्याने. सांगण्याने ती गेलेली कळते, एवढेच. मारणाऱ्याला 'घराण्याचे नाव राख' असे न सांगता मार खाणारीला ते सांगितले जाते, तेव्हा अब्रू हे मूल्य राहत नाही; ते मौनाचे वेतन बनते.

मौनाचे स्वरूप समजून घेण्यासाठी अलीकडील दोन संकल्पना उपयोगी आहेत. सांगणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाला कमी विश्वसनीय मानणे हा ज्ञानविषयक अन्याय आहे, अशी मांडणी मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये केली. क्रिस्टी डॉट्सन यांनी २०११ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले: ऐकणारा ऐकण्यास असमर्थ आहे हे ओळखून सांगणारा स्वतःच आपले निवेदन छाटतो, तेव्हा बाहेरून ते स्वेच्छेचे मौन दिसते, प्रत्यक्षात ती साक्षीची घुसमट असते. हा विचार इराणी स्त्रीला लागू केला की तिच्या मौनाचा कर्ता बदलतो. ती बोलत नाही याचे कारण तिच्या अंगी धैर्य नाही हे नव्हे. तिने श्रोत्याचे नेमके मूल्यमापन केलेले असते. आपण 'त्याने मारले' असे म्हटले की समोरचा 'ते मारतात' असे ऐकतो, हे तिला अनुभवाने माहीत असते.

भाषेची अडचण यात भर घालते. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ मधील आपल्या निबंधात एका लॅटिनो स्त्रीची हकीकत नोंदवली आहे: जिवावर बेतलेली ही स्त्री इंग्रजी पुरेसे बोलत नाही म्हणून आधारगृहाने तिला प्रवेश नाकारला. फारसीभाषकांच्या छोट्या वस्तीत दुभाषी मिळाला तरी तो नवऱ्याच्या ओळखीचा असू शकतो. जबानी जिभेपासून तुटते ती येथे. याच अडचणीतून लंडनमध्ये २००२ साली इराणी आणि कुर्दी स्त्रियांच्या हक्कांसाठी डायना नामी यांनी संस्था उभारली. तिच्या नावातच अपेक्षित श्रोत्याची कसोटी आहे: स्त्रीची भाषा जाणणारे, तिच्या म्हणी ओळखणारे, आणि तरीही तिच्या नवऱ्याचे वकीलपत्र न घेणारे कान.

परक्या श्रोत्यापुढे घरचे दुःख सांगण्याचा हा पेच मराठी वाचकाला सर्वस्वी अनोळखी नाही. पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. हिंदू स्त्रीची स्थिती त्यांनी अमेरिकी वाचकांपुढे मांडली, आणि परदेशात स्वदेशाची बदनामी केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. ज्यांच्यापुढे त्यांनी ती मांडली त्यांतील अनेकांना तिच्यात धर्मप्रसाराचे समर्थनच दिसले, हेही खरे. परंतु त्या पुस्तकातील एक गोष्ट दोन्ही पक्षांनी सोयीस्करपणे दुर्लक्षिली. रखमाबाईंच्या खटल्याचा उल्लेख करताना रमाबाईंनी इंग्रज सरकारलाही सोडले नाही. पत्नीला इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करू पाहणारे न्यायालय इंग्रजांचेच होते. परक्या श्रोत्यापुढे बोलतानाही त्या श्रोत्याला निर्दोष ठरवायचे नाही, हा त्यांचा विवेक होता. सत्य बोलणे आणि स्वकीयांची निंदा करणे यांत फरक आहे, हे त्यावरून दिसते. निंदक ऐकणाऱ्याला मोकळे सोडतो. साक्षीदार सोडत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. गप्प राहण्याचे बंधन तिच्यावर नाही. बोलण्याचेही नाही, ज्यांना तिच्या बोलण्याची किंमत मोजावी लागणार नाही त्यांनी तिला धैर्याचा उपदेश करणे हा निराळाच अन्याय होईल. इराणी स्त्रियांत घटस्फोटाच्या संदर्भात एक वाक्प्रयोग रूढ आहे: मेहेर सोडला, जीव सुटला. ज्या स्त्रीने हक्काचे सोने सोडून जीव सोडवला तिने आपली कहाणीही जगाला द्यावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणाला नाही.

६

दुसरा प्रश्न उरतो, नाचक्कीच्या जबाबदारीचा. ती ऐकणाऱ्याची आहे, आणि ऐकणाऱ्यांत वाचकाचा व समीक्षकाचा समावेश होतो.

तिसऱ्या जगातील प्रत्येक संहिता राष्ट्रीय रूपक म्हणून वाचावी, असे फ्रेडरिक जेमसन यांनी १९८६ मध्ये सुचवले आणि पुढच्याच वर्षी एजाज अहमद यांनी त्याला कठोर उत्तर दिले. हा वाद साहित्याचा म्हणून परिचित आहे. त्याचे नैतिक अंग तितके लक्षात घेतले गेलेले नाही. एखाद्या कादंबरीतील विवाह राष्ट्राचे रूपक म्हणून वाचला तर फार तर कादंबरीचे नुकसान होते. जिवंत स्त्रीच्या अंगावरचा वळ राष्ट्राचे रूपक म्हणून वाचला तर तिचे नुकसान होते. वाचनाची सवय मात्र दोन्हीकडे एकच असते. विशिष्टातून सामान्याकडे जाणे हा समीक्षेचा धर्म मानला जातो; कोठे थांबावे हे कळणे हाही तिचा धर्म असला पाहिजे.

नूरा नियासरी या इराणी-ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा 'शायदा' हा २०२३ चा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. स्वतःच्या आईच्या आयुष्यावर आधारलेल्या या चित्रपटात १९९५ सालच्या ऑस्ट्रेलियात एक इराणी स्त्री लहान मुलीसह आधारगृहात राहते. नवऱ्याला मुलीला भेटण्याची परवानगी मिळाली आहे आणि तो तिला इराणला घेऊन जाईल ही भीती आहे. सीमा ओलांडून मूल नेले जाण्याची भीती महमूदींच्या कथेतही होती. तेथे ती एका देशाविषयीची भीती होती. येथे ती एका माणसाविषयीची आहे. हा फरक घडवून आणणारी गोष्ट म्हणजे नवरोज. आधारगृहात राहूनही शायदा इराणी नववर्षाची तयारी करते, अंकुर रुजवते, मुलीला आपले सण आणि नाच शिकवते. संस्कृती नवऱ्याची आणि स्वातंत्र्य ऑस्ट्रेलियाचे, अशी वाटणी चित्रपट होऊ देत नाही. घरातून निघताना स्त्रीने जे बरोबर घेतले त्यात इराणही आहे. इराणवर तिचाही तितकाच हक्क आहे, आणि मारणाऱ्याने मारताना तो आपल्या नावावर करून घेतलेला नाही.

या चित्रपटाचा विशेष केवळ सूचकतेत नाही. तो प्रेक्षकाकडून एक काम करून घेतो: आरोपीला त्याच्या नावाने ओळखण्याचे. मारणारा इराण नाही, इस्लाम नाही, पूर्व नाही. तो हुसेन नावाचा पुरुष आहे. त्याला जी साधने मिळाली, जसे व्हिसा, कायदा, लोकांच्या जिभा, त्यांचा हिशेब स्वतंत्रपणे मागितला पाहिजे आणि तो दोन्ही देशांकडून मागितला पाहिजे. पण त्या हिशेबात मूळ रक्कम हरवता कामा नये.

७

ऐकणाऱ्याचे कर्तव्य यावरून काहीसे स्पष्ट होते. एका स्त्रीची एका पुरुषाविरुद्धची तक्रार तेवढीच आणि पूर्णपणे ऐकावी. तिच्यावरून समाजाविषयी अनुमान काढण्याची घाई करू नये. समाजाविषयीच्या अनुमानावरून तिला खोटीही पाडू नये. जेथे कायदा दोषी आहे तेथे कायद्याचे कलम सांगावे, केवळ 'त्यांच्यात असेच असते' म्हणून थांबू नये. आणि आपल्या देशाचा व्हिसा, आपली आधारगृहे, आपले न्यायालय यांचा त्या वळात किती वाटा आहे हे विचारल्याशिवाय दयाबुद्धीने उठू नये. हे नियम साधे आहेत, तरी ते पाळणे अवघड आहे. कारण त्यांनी ऐकणाऱ्याला स्वतःच्या चांगुलपणाचे समाधान मिळत नाही.

फारसीत 'फर्यादरस' असा शब्द आहे. हाकेपाशी पोचणारा, असा त्याचा अर्थ. हा शब्द मराठीत आलेला नाही. 'दाद' मात्र आली आहे. फारसीतील तिचा अर्थ न्याय, आणि 'दाद मागणे' यात तो मराठीनेही जपला आहे. परंतु मराठीत 'दाद देणे' म्हणजे रसिकाने कलाकृतीला मान डोलावणेही होते. दुःखाच्या निवेदनांपुढे साहित्यव्यवहार बहुधा ही दुसरी दाद देतो: निवेदन धीट आहे, हृदयस्पर्शी आहे, अवश्य वाचावे असे आहे. फिर्यादीला हवी असते ती पहिली. इराणी स्त्रीची कहाणी हाती घेणाऱ्या वाचकाने आपण तिला यांपैकी कोणती दाद देत आहोत, एवढे तरी प्रत्येक वेळी तपासून पाहिले पाहिजे.